बेचाळिसावी चौकट

१

सत्त्याण्णव साली अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीत, एका गाळ्याच्या वरच्या मजल्यावर आमचं ऑफिस होतं. खाली प्लास्टिकची झाकणं पाडणारं मशीन दिवसभर धडधडायचं. वर आम्ही तिघं: मालक तुलसानी, प्रोग्राम लिहिणारा किसन आणि मी, कमळाकर. किसन लिहायचा ते वेगवेगळ्या फाइलींत असायचं. त्या सगळ्या जोडून एक चालणारा प्रोग्राम तयार करायचा, फ्लॉपीवर घ्यायचा आणि गिऱ्हाइकाकडे नेऊन बसवायचा, हे माझं काम. त्याला आम्ही बिल्ड म्हणायचो. किसन मला गवंडी म्हणायचा, आणि मला त्याचा राग यायचा नाही, कारण आमचा बाप खरोखर गवंडी होता.

आधी हे सगळं काळ्या पडद्यावर हुकूम टाइप करून व्हायचं. मग तुलसानींनी कुठूनसं एक नवं साधन आणलं. त्यात प्रत्येक फाइल म्हणजे पडद्यावरची एक छोटी चौकट. कुठली फाइल कुठलीच्या आधारावर उभी आहे ते रेघांनी दाखवलेलं. चौकटीच्या कोपऱ्यात टिक असली तर ती फाइल बिल्डमध्ये घ्यायची, टिक काढली तर वगळायची. माउसने बटण दाबलं की चौकटी खालून वर एकेक करत हिरव्या होत जायच्या. चूक असलेली लाल व्हायची. मला ते बघायला मनापासून आवडायचं. चहा थंड व्हायचा आणि मी हिरव्या चौकटी मोजत बसायचो. एकूण एक्केचाळीस होत्या.

गिऱ्हाईक एकच होतं, पण मोठं. जवळचाच एक केमिकलचा कारखाना. त्यांच्या चार शेड, प्रत्येक शेडच्या दाराला कार्ड घालायची खाच. कामगार आत जाताना कार्ड घालणार, बाहेर येताना घालणार, आणि दारावरच्या बोर्डावर लाल आकड्यांत दिसणार की आत्ता आत किती माणसं आहेत. गॅस सुटला तर किती जणांना शोधायचं ते कळावं म्हणून हे. आणि बोर्ड शून्यावर आल्याशिवाय टाक्यांत वाफ सोडायची नाही, असा त्यांचा नियम.

तिसऱ्या शेडमध्ये माझा धाकटा भाऊ सोमा टाक्या खरवडायच्या कामावर होता. ते काम त्याला मीच लावून दिलं होतं. वर्षभर तो हेंद्रेपाड्याच्या नाक्यावर कॅरम खेळत बसलेला मला बघवत नव्हता.

वसाहतीची वीज दर शुक्रवारी बंद, म्हणून सुट्टी शुक्रवारी. नोव्हेंबरातल्या एका शनिवारी सकाळी मी साधन उघडलं आणि सवयीने चौकटी मोजल्या. बेचाळीस भरल्या.

२

ती सगळ्यांत खाली होती. नाव नव्हतं. उरलेल्या एक्केचाळीस चौकटींमधून एकेक रेघ निघून तिच्यापर्यंत आली होती. फाइल शेवटची कधी बदलली त्याची तारीख बाजूला यायची. तिथे आदल्या दिवसाची तारीख होती. आदल्या दिवशी शुक्रवार होता, आणि त्या दिवशी अख्ख्या वसाहतीत पंखासुद्धा फिरत नव्हता.

"तूच घुसवलं असशील यार," किसन म्हणाला. "नाहीतर घड्याळ बोंबललंय कॉम्प्युटरचं."

घड्याळ तपासलं, ते बरोबर होतं. चौकटीवर दोनदा टिचकी मारून फाइल उघडली. आत काही नव्हतं, नुसता पांढरा पडदा. पण कडेची पट्टी सांगत होती की फाइल लांब आहे. मी खाली जायचं बटण दाबून धरलं. पांढरं सरकत राहिलं. एक मिनिट झालं, दोन मिनिटं झाली. खालच्या मशीनची धडधड मला ऐकू येईनाशी झाली. ते बंद पडलं होतं की माझं लक्ष नव्हतं, कोण जाणे. फाइल संपली तिथे कर्सर लुकलुकत होता. त्याच्याआधी एक अक्षरही नव्हतं. तरी मला वाटलं, आत्ता इथे कोणीतरी काहीतरी लिहीत होतं आणि मला बघून थांबलं. मी घाईघाईने खिडकी बंद केली आणि स्वतःवरच चिडलो. बत्तीस वर्षांचा माणूस, कॉम्प्युटरचा डिप्लोमा केलेला, आणि रिकाम्या फाइलीला घाबरतो.

बिल्डचं बटण दाबलं. सर्वांत आधी तीच हिरवी झाली. त्याच दुपारी ती फ्लॉपी मी कारखान्यात बसवून आलो.

३

सोमवारी तुलसानींनी मला केबिनमध्ये बोलावलं. उल्हासनगरच्या चार नंबर कॅम्पातला माणूस, आवाज कधी चढवायचा नाही. "कमलाकर, पार्टी का फोन था. तीन नंबरचा बोर्ड झीरोवर येतच नाही बोलतात. शिफ्ट सुटते, सब आदमी बाहर, तरी एक दाखवतो. जाऊन बघ ना बाबा."

मी लुना काढली आणि गेलो. शिफ्ट सुपरवायझर रामभाऊ दारातच उभे होते. कपाळाला आठ्या होत्या. "या साहेब. तुमचा बोर्ड येडा झालाय बघा. समदी मानसं भायेर काढली, मी सोता चार येळा फिरून आलो. आत चिटपाखरू न्हाई, आन् ह्यो म्हनतोय एक."

बोर्डावर लाल एक होता.

"दादा!" मागून सोमा आला. अंगभर पांढरी भुकटी, डोळे तेवढे दिसत होते. "चल, तुला माझा बंगला दाखवतो."

मी पाहुण्याचं कार्ड घातलं, सोमाने त्याचं घातलं. आत तीन टाक्या उभ्या होत्या, प्रत्येकी दोन माणसं उंच. वरच्या अंगाला माणूस उतरेल एवढं गोल झाकण आणि छातीच्या उंचीवर आत बघायला जाड काच. वरून पत्र्यांतून ऊन पडत होतं. भर दुपार होती. तरीही माझ्या पायांना ती जागा थंड लागली. मधल्या टाकीतून ठक् असा आवाज आला. जरा वेळाने पुन्हा.

"कोण आहे आत?"

"कोण असणार? पत्रा तापतो, निवतो, वाजतो. तू पण ना दादा." सोमाने तळव्याच्या कडेने काच पुसली, ती त्याची सवय होती. "रोज येतो हा आवाज. मी त्याला उत्तर देतो." त्याने बोटाच्या पेराने टाकीवर दोनदा वाजवलं आणि हसला. आतून काही आलं नाही.

मी मागे वळून दाराकडे बघितलं. बोर्डाची एक बाजू आतूनही दिसायची. तीन.

"सोमा, आपण दोघंच आहोत ना इथे?"

तेव्हा त्याने मला खरी भानगड सांगितली. कंत्राटदाराची माणसं पाच, कार्डं दोनच. एकजण कार्ड घालून आत शिरतो, खिडकीच्या जाळीतून ते बाहेर देतो, दुसरा त्याच कार्डावर आत येतो. सुटायच्या वेळी घाई असते, मग एकामागे एक तसेच निसटतात. "रामभाऊंना सांगू नको हां. बिचारे सज्जन आहेत."

मला एवढं हायसं वाटलं की मी त्याच्या भुकटीने माखलेल्या पाठीवर थाप मारली. आत जाताना नोंद दोन, बाहेर येताना एक, म्हणून एक शिल्लक. हिशेब चोख बसत होता. शनिवारपासून रोज नेमका एकच का शिल्लक राहतो, दुसऱ्या दिवशी, मंगळवारी, खरवडणारे आलेच नाहीत तरी एकच का होता, हे मी स्वतःला विचारलं नाही. विचारायला हवं होतं. प्रश्न मला सुचला होता, मीच तो बाजूला सारला.

४

आमच्या धंद्यात एक वाईट सवय होती, आणि ती फक्त माझी नव्हती. गिऱ्हाईक घाई करतंय, एखादी फाइल त्रास देतेय, ती कोणाची ते कळत नाही, तर टिक काढायची. बाकीचं हिरवं झालं की फ्लॉपी द्यायची. मागाहून बघू. नव्या साधनाने हे फारच सोपं करून ठेवलं होतं, पूर्वी निदान दहा ओळी खोडाव्या लागायच्या.

गुरुवारी सकाळी मी बेचाळिसाव्या चौकटीची टिक काढली. ती करडी झाली, रेघा पुसट झाल्या. उरलेल्या एक्केचाळीस खालून वर हिरव्या होत गेल्या. एकही लाल नाही. फ्लॉपी कारखान्यात नेऊन बसवली. जेवणाच्या सुट्टीत शेड रिकामी झाली, आणि तीन नंबरचा बोर्ड शून्यावर आला. रामभाऊंनी मला चहा पाजला.

दोन वाजता सोमा मधल्या टाकीत उतरला. मी निघताना त्याची खरवडणी ऐकली, खर्र, खर्र. मी त्याला हाक मारली नाही. मला घाई होती.

पाचला शिफ्ट सुटली, बोर्ड शून्यावर आला, सगळे गेले. सोमा घरी आला नाही.

५

त्या रात्री कारखान्यात गेलो तेव्हा शेडच्या दाराशी त्याच्या चपला होत्या. आत खिळ्याला शर्ट होता. बाकीचे चौघं म्हणत होते, तो दुसऱ्या कोणाच्या मागे बाहेर पडला असेल. प्रत्येकाला वाटलं होतं की तो दुसऱ्याबरोबर आहे. रामभाऊंनी माझ्यासमोर तिन्ही टाक्या उघडल्या आणि स्वतः आत उतरले. रिकाम्या. मधल्या टाकीच्या तळाशी सोमाचं खरवडायचं पातं पडलेलं होतं. भिंतीवर खरवडल्याचे पट्टे एकापाशी एक होते, खांद्यापासून कमरेपर्यंत. शेवटचा पट्टा अर्ध्यावर थांबला होता.

"वाफ सोडली नव्हती ना?" मी विचारलं.

"आईच्यान न्हाई," रामभाऊ म्हणाले. "टाकी धुऊन व्हायची हाय, वाफ कशी सोडीन?"

पोलिसांनी लिहून घेतलं. तरुण पोरगा आहे, येईल म्हणाले. आमची आई, गयाबाई, दर रविवारी विहारात जायची. त्या रविवारी ती गेली नाही, दारात बसून राहिली.

सोमवारी ऑफिसात गेलो आणि साधन उघडलं. बेचाळिसावी चौकट करडी होऊन तिथेच होती. मी टिक परत लावली. का लावली ते मला सांगता येणार नाही. माणसाला वाटतं, आपण केलेलं उलटं फिरवलं तर झालेलंही उलटं फिरेल. चौकट हिरवी झाली. फ्लॉपी घेऊन मी धावतच कारखान्यात गेलो. शेड बंद होती, कुलूप होतं. प्रोग्राम बसवला.

तीन नंबरचा बोर्ड एक दाखवू लागला.

मी आणि रामभाऊ आत गेलो, आकडा तीन झाला. सगळं शोधलं. टाक्या, नळांच्या मागची जागा, छपराच्या कैच्या. कोणी नव्हतं. बाहेर आलो, पुन्हा एक. मी दारात बसून लहान मुलासारखा रडलो. रामभाऊ माझ्याकडे न बघता विडी शोधत राहिले.

संध्याकाळी आईला सांगितलं, आकडा एक आहे. बोर्ड कशाचा, आकडा कसला, हे तिला नीट समजावून दिलं. सगळे बाहेर आले की शून्य होतं, एक आहे म्हणजे एकजण अजून आत आहे. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "म्हणजे हाय तो."

मी हो म्हणालो. पण एक गोष्ट तिला सांगितली नाही. सोमा नाहीसा व्हायच्या आधीही तो आकडा एकच होता. तेव्हा आत कोण होतं, आणि मी टिक काढली तेव्हा ते कुठे गेलं, हा विचार आला की मी ऑफिसातल्या मोरीवर जाऊन तोंड धुऊन यायचो.

६

नऊ दिवस मी तो एक सांभाळला. शून्य नाही म्हणून वाफ नाही, वाफ नाही म्हणून तीन नंबर बंद. कारखान्यातून रोज फोन. मी सांगायचो, चूक सापडत नाही, शोधतोय. रोज नवं बिल्ड करायचो, टिक तशीच ठेवायचो, ती सर्वांत आधी हिरवी झाली की माझा श्वास सुटायचा. फाइल उघडून बघायचो. पांढरंच होतं, पण तळाला पोचायला आता दोन मिनिटं पुरत नव्हती.

"यार कमळ्या," किसन एकदा हळूच म्हणाला, "तुझं दुःख मला कळतं. पण ती रिकामी फाइल आहे. कचरा आहे तो."

"हात लावलास तर बघ," मी म्हणालो. असा मी कोणाशी बोलत नाही.

तुलसानींनी शेवटी मला समोर बसवलं. "देख बेटा, भाई गया, मला पण वाईट वाटतं. लेकिन उधर चालीस आदमी बैठे हैं. किती दिवस?" मी म्हणालो, अजून दोन दिवस द्या. ते खुर्चीवरून उठले. मी त्याला होकार समजलो.

बुधवारी दुपारी तीनच्या सुमारास मी कार्ड घालून एकटाच शेडमध्ये गेलो. रामभाऊंनी मला अडवणं सोडून दिलं होतं. बोर्ड दोन झाला. मी मधल्या टाकीपाशी जाऊन उभा राहिलो. बाहेर कोणीतरी ट्रकला मागे ये, मागे ये म्हणत होतं.

आतून आवाज आला. खर्र.

पत्रा तापल्यावर असा वाजत नाही. खर्र, मग थांबून पुन्हा, दमलेला माणूस करतो तसं. मी काचेजवळ तोंड नेलं. आतून काचेवर पांढरा थर जमला होता. बघता बघता त्या थरात एक स्वच्छ पट्टा उमटला, बोटभर नाही, तळव्याच्या कडेएवढा रुंद. मग त्याखाली दुसरा. पट्ट्यांच्या पलीकडे अंधार होता, आणि त्या अंधारात काहीतरी काचेकडे वाकलं होतं.

"सोमा," मी म्हणालो. "अरे, मी आहे. दादा आहे."

पट्टे भराभर पडू लागले. तिसरा, चौथा. मी रामभाऊंना हाक मारायला दाराकडे वळलो.

बोर्डावर एक होता.

मी आत उभा होतो आणि बोर्डावर एक होता.

परत वळलो तेव्हा अर्धी काच साफ होती आणि अर्धी पांढरी. पाचवा पट्टा मध्येच थांबला होता. मी शिडीवरून वर चढलो, झाकण ओढलं, नखं तुटली. आत वरून उजेड पडला. कोरडा तळ, गंजाचे डाग, दुसरं काही नाही. मी त्याचं नाव घेऊन ओरडलो. माझाच आवाज तेवढा परत आला.

७

कारखान्याच्या केबिनमध्ये, बोर्ड चालवणाऱ्या कॉम्प्युटरपुढे किसन बसला होता. हातात फ्लॉपी. मला बघून तो उठला, खुर्ची मागे पडली. "साहेबांनी पाठवलं यार. टिक काढून बिल्ड मीच केलं. मी काय करू? मला पोरं आहेत."

मी त्याच्या कॉलरला धरलं. मारणार होतो, पण मारायलाही वेळ नव्हता. "जुनं टाक. आत्ता. तुझ्या पाया पडतो."

त्याने मुकाट्याने सकाळची फ्लॉपी घातली, माझी, टिक असलेली. प्रोग्राम चढायला चार मिनिटं लागतात. आम्ही दोघं खिडकीतून तीन नंबरच्या दाराकडे बघत उभे राहिलो. बोर्ड विझला, पुन्हा पेटला.

शून्य.

पुन्हा घातली. शून्य. तिसऱ्यांदा घातली. रामभाऊ दारात येऊन उभे होते. त्यांनी बोर्डाकडे बघितलं आणि टोपी काढून हातात धरली.

मी लुनावरून ऑफिसात गेलो. साधन उघडून चौकटी मोजल्या. एक्केचाळीस. परत मोजल्या. सगळ्या रेघा आपापल्या जागी होत्या, खाली कुठेही काही लोंबत नव्हतं. पूर्वी जसं होतं तसंच दिसत होतं. गेल्या आठवड्यात किसनने घेतलेल्या प्रतीतही एक्केचाळीसच होत्या. मी बिल्डचं बटण दाबलं आणि सगळं हिरवं होताना बघत बसलो. मला बघवत नव्हतं आणि उठवतही नव्हतं.

पाच वाजता कारखान्याच्या बाजूने वाफेचा आवाज आला. टाक्या उघडून बघितल्या होत्या, रिकाम्या होत्या, बोर्डही शून्य होता. थांबा म्हणायला माझ्याकडे कारण उरलं नव्हतं.

घरी पोचलो तेव्हा सात वाजत आले होते. आई ओट्याशी उभी होती. माझ्या हातांवर रक्त वाळलेलं होतं, पण तिने तोंडाकडेच बघितलं.

"आज किती?"

रस्त्यात मी ठरवलं होतं, एक म्हणून सांगायचं. उद्याही एक, परवाही एक. जोवर ती विचारील तोवर. पण तिच्यासमोर खोटं बोलायला मला कधीच जमलेलं नाही.

"शून्य," मी म्हणालो.

आईने डोळे मिटले. मग तिने पदराने तोंड पुसलं, आणि पुसताना ती हसत होती. पंधरा दिवसांत पहिल्यांदा.

"समदे भायेर आले की शून्य व्हतो, तूच म्हनला व्हतास न्हवं?" ती म्हणाली. "म्हंजी सुटला माझा सोमा. भायेर आला."

मी दाराची चौकट धरली.

"हात धू आधी. चालत येत आसंल तर आठ तरी वाजतील त्याला," असं म्हणत तिने डबा उघडला आणि तिघांचे तांदूळ मोजून घेतले.